दसऱ्याच्या पूजेतला रिमोट

आज दुपारी कामशेतला आमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात माझ्या दिराने माझ्या नवऱ्याच्या हातावर तापलेली सोल्डरिंग गन दाबली. कातडी जळल्याचा वास अजून नाकातून जात नाहीये. नवऱ्याने त्याचं डोकं काउंटरवर आपटलं. काच फुटली, भुवई फाटली, तरी दोघं त्या काचांवर लोळत एकमेकांचा गळा दाबत होते.

कशासाठी, तर रिमोटसाठी. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, उजवा हात लुळा आहे. त्यांना टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एकाच मोठ्या बटणावर चालवता यावेत म्हणून दोघा भावांनी मिळून तो बनवला. नवऱ्याने पेटंटचा अर्ज मात्र एकट्याच्या नावाने केला. दिराला ते आज कळलं.

दवाखान्यात दोघांची मलमपट्टी चालू असताना मी ओळखीच्या वकिलांना फोन लावला. म्हटलं, पेटंट नक्की कुणाचं होणार? दसऱ्याला पक्कड, स्क्रू ड्रायव्हरशेजारी रिमोट पुजून ह्यांनीच गावासमोर चालवून दाखवला होता. माझ्याकडे व्हिडिओ आहे.

"अर्ज दसऱ्यानंतरचा ना?" वकील म्हणाले. "मग आधीच सगळ्या गावाने पाहिलंय. आता पेटंट कुणालाच मिळणं अवघड आहे, ताई."

फोन स्पीकरवर होता. दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

घरी आले तर आबा बंद टीव्हीसमोर बसलेले.

"सूनबाई, पोरांनी सकाळी रिमोट न्हेलता. कुटं हाय?"

माझ्या पिशवीत त्याचे तुकडे होते. त्यांवरचं रक्त कुठल्या पोराचं, ते मलाही कळत नव्हतं.

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ त्यांना?