मी न मारलेली हाक

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही. वाचता वाचता मनात कारणं शोधत असते... वारा असेल, उंदीर असेल, झोप झाली नसेल. कमेंट मात्र कधीच करत नाही, तो माझा स्वभाव नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. नववीपर्यंत पुण्यात इंग्लिश मीडियम आणि मग थेट लंडनमधलं स्टॅनमोर, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी स्कॉटलंडमध्ये गुरांच्या एका फार्मवर काम करते. एडिनबराहून दक्षिणेला, कारने तासाभरावर. मास्टर्स एडिनबरालाच झालं, आणि लॅबमधली नोकरी मिळेपर्यंत म्हणून मी मार्चमध्ये इथे आले. तेव्हा वासरं जन्मतात आणि जास्तीचे हात लागतात. पुढे वासरांच्या कानांत टॅग लावणं, कुंपणं दुरुस्त करणं, गवताचे गठ्ठे काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रचणं, असं करत उन्हाळा संपला आणि मी लॅबसाठी अप्लाय करणंच विसरले. इथे कोणी फार बोलत नाही. मला ते मानवलं.

आईला नाही मानवलं. ती दर रविवारी फोनवर विचारायची, "शेण काढायला मास्टर्स केलंस का?"

"आई, शेण ट्रॅक्टरने काढतात."

"मग तू काय करतेस तिथे?"

"ट्रॅक्टर चालवते."

यावर ती फोन बाबांकडे द्यायची.

फार्म मॉइराचा. साठी उलटलेली, उंच, एका गुडघ्याने अधू, आणि टोमणे मारण्यात आईच्या तोडीची. हिवाळाभर ती एकच माणूस ठेवते, आणि तो माणूस मी असावं अशी माझी फार इच्छा होती. अडचण एकच होती. मला हाक मारता येत नव्हती.

वासरंवाल्या गाई कुत्र्यावर धावून जातात, म्हणून मॉइरा कुत्रा वापरत नाही. डोंगरावर चालवायच्या चारचाकी क्वाड बाइकच्या आवाजाने त्या पांगतात. तिच्या फार्मवर गाई फक्त हाकेवर येतात. तिची हाक म्हणजे "प्रूऽऽ... प्रूऽऽ लेडी!" पण ती म्हणायची, माझी नक्कल नको, प्रत्येकाला स्वतःची हाक सापडते. मला कुठून सापडणार? बसमधून उतरताना ड्रायव्हरला "थँक यू" म्हणते तेसुद्धा ओठांतल्या ओठांत. मी आपली बादलीत दाणा खुळखुळवत गाईंच्या पुढे चालायचे. जवळच्या चार-दोन यायच्या, बाकीच्यांसाठी मॉइरा ओरडायची.

"कामाला चोख आहेस," ती सप्टेंबरमध्ये म्हणाली, "पण जिला हाक मारता येत नाही, तिला हिवाळ्यात डोंगरावर एकटी कशी पाठवू? बघू, गाई खाली आणायच्या दिवशी."

तो दिवस ऑक्टोबरच्या शेवटी आला. डोंगरावरची सगळी गुरं खाली शेडमध्ये आणायची होती. मॉइरा खालच्या गेटपाशी थांबली, तिला चढण जमत नाही. मी बादली घेऊन वर गेले. दुपार होती, छान ऊन होतं. वर पोचले आणि धुकं आलं... इथे ते असंच येतं, पाच मिनिटांत स्वतःचे बूटही दिसेनात.

वरच्या पठाराच्या टोकाला दलदल आहे. मागच्या वर्षी तिथे एक गाय रुतून मेली होती. आणि मला नेमका तिकडूनच आवाज येत होता — चिखलातून पाय ओढत चालल्याचा, पचक् पचक्. एक-दोन नाही, सगळा कळप. दिशा चुकून तिकडे चालला होता.

मी बादली खुळखुळवली. धुक्यात तो आवाज माझ्यापाशीच विरला. आता ओरडायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं. आवाजच गायब झाला. शाळेत स्टेजवर व्हायचा तसा.

आणि मग हाक आली.

माझ्या उजवीकडून, अगदी जवळून. मॉइराचं "प्रू" नव्हतं. लांब, खालून वर चढत जाणारी, निवांत हाक. भीती नाही वाटली. पण कसंतरीच झालं... आपलीच व्हॉइस नोट चुकून प्ले झाल्यावर होतं ना, तसं.

चिखलातले पाय थांबले. मग वळले. एकेक गाय धुक्यातून बाहेर आली आणि माझ्याजवळून उताराला लागली, मागे वासरं. उष्ण श्वास हाताला लागत होते. मी उजवीकडे पाहिलं. नुसतं गवत, आणि तेही दोन हातांपर्यंतच.

खाली मॉइरा गेट उघडून उभी होती. एक गाय कमी नव्हती. एरवी पाठ न थोपटणारी बाई चक्क मिठी मारायला आली.

"एवढा आवाज कुठे लपवला होतास?"

"मॉइरा, मी हाक मारलीच नाही."

"मग काय गाईंनी मारली?"

"खरंच सांगतेय. आवाजच फुटेना माझा."

ती हसायची थांबली. "तुझाच आवाज होता," ती म्हणाली. "मी काय तुला ओळखत नाही? फक्त... जरा जाड होता. माझ्यासारखा. बरीच वर्षं डोंगरावर ओरडून घसा तयार होतो ना, तसा." मग खांदे उडवून म्हणाली, "गाई आल्या. चल, चहा घेऊ."

दुसऱ्या दिवशी तिने मला शेडमध्ये हाक मारायला लावली. मी लाल होत होत, जमेल तशी मारली. एकाही गाईने मान वर केली नाही. मॉइरा हसून हसून गेटला टेकली. तरी तिने मला ठेवून घेतलं. "येईल," म्हणाली. "गाईंना आवाज ओळखीचा व्हायला वर्षं लागतात."

मी खूप विचार केलाय. धुक्यात आवाजाची दिशा फसवते, मान्य. दुसरं कोणी वर असेल? एका बाजूला गेट, तिथे मॉइरा, आणि दुसऱ्या बाजूला दलदल. आणि परक्या माणसाच्या हाकेला तो कळप इतका शांतपणे वळणार नाही. जन्मभर ऐकलेल्या आवाजाला वळावा तसा तो वळला होता.

परवा आईने विचारलं, "अजून किती दिवस राहणार आहेस तिथे?" मी "बघू" म्हणाले.

त्या आवाजावरून अंदाज बांधला, तर बरीच वर्षं.