डाव्या दंडावरची माती

माझी मोठी बहीण १९५६ च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी संध्याकाळी, एडनच्या इस्पितळात बाळंतपणात गेली. आई तेव्हा वर्ध्यात होती.

बहिणीचे यजमान एडनला कारकून होते. पहिलटकरणीजवळ आईने राहावे असे ठरले होते. बोटीचे तिकीट आले. देवी आणि कॉलरा, दोन्ही टोचल्याचा दाखला असल्याशिवाय बोटीवर घेत नसत. कॉलऱ्याच्या सुया वेळेवर झाल्या. देवी मात्र आईला कधीच टोचलेली नव्हती. तिच्या माहेरी, नाचणगावला, टोचणारा आला की मुलींना शेतात पाठवून देत. पहिलीच टोचणी असल्यामुळे आठव्या दिवशी फोड दाखवायचा आणि मग दाखला घ्यायचा, असा नियम होता.

वडील सेवाग्रामच्या रस्त्यावर एका शाळेत शिक्षक होते. आमच्या घरी तापाला, गळवाला, पोटदुखीला ओल्या मातीची पट्टी हाच उपचार होता. टोचून घरी येताच, सूज येऊ नये म्हणून त्यांनी आईच्या दंडावर पट्टी बांधली. सकाळपर्यंत तीनदा बदलली.

आठव्या दिवशी, सोमवारी, मी आईसोबत दवाखान्यात गेले. टोचणाऱ्याने पदर बाजूला करायला सांगितला.

"हे तं कोरंच हाये. काय लावलं होतं?"

"माती," आई म्हणाली.

"माती? काऊन?"

"घरी सगळ्यायलेच लावतेत."

"मास्तरची माती जोरदार हाये, माय. सरकारी लस बी मारली तिनं."

आई थोडी हसली. त्याने पुन्हा टोचले आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी बोलावले.

बोट बुधवारी आईशिवाय मुंबईहून सुटली. पुढच्या सोमवारी सकाळी ती एडनला लागली.

मंगळवारी दुपारी तार आली. वडिलांनी ती वाचून दाखवली, घडी घालून खिशात ठेवली. मग ते म्हणाले, "आज हात दाखवायचा होता."

आई उठली, चपला घातल्या. मी बरोबर गेले.

फोड चांगला भरला होता.

"आता कसा आला," टोचणारा म्हणाला. "जा आता बिनघोर. पोरीले आशीर्वाद सांगा माहा."

आईने मान हलवली. त्याने पुस्तिकेत तारीख लिहिली आणि शिक्का मारला. दाखल्याची मुदत तीन वर्षांची होती.