एसटीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

त्या दिवशी आमच्या रवळनाथाच्या देवळात जी धमाल उडाली, ती आठवली की मला अजून हसू आवरत नाही. साठचं दशक नुकतंच लागलेलं. महाराष्ट्र राज्य नवंकोरं, आमची ग्रामपंचायत तर त्याहून नवी... तिला बसायला कचेरी नव्हती, म्हणून सभा देवळातच भरायची.

विषय एकच. एसटी! मालवणहून सुटलेली बस आमच्या गावाच्या फाट्यावरून सरळ पुढे निघून जायची. ती आत गावापर्यंत आणीन, असा शब्द तात्यांनी निवडणुकीतच दिला होता, आणि आता ते सरपंच झाले होते. एसटीचे साहेब येऊन रस्ता बघून गेले. सगळं पसंत, फक्त एका वळणावर गाडी वळत नव्हती.

आणि त्या वळणावर उभे होते दोन माड... आमचेच!

माड बापूकाकांच्या ताब्यात. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. पंचायतीत तेही निवडून आले होते, पण सरपंचपद तात्यांकडे गेलं. काकांचं म्हणणं, हे माड आईने आम्हा दोघा भावांच्या जन्माच्या वेळी लावलेत, त्यांना कुऱ्हाड लागू देणार नाही. ते खरंच होतं. पण त्यात सरपंचपद गेल्याचा राग किती होता, तेही गावाला ठाऊक होतं.

आणि मी? मी सातवी पास होऊन घरात बसलेली. हायस्कूल मालवणात. बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं, गाडी गावात आली तर जा, फाट्यापर्यंत रानातून एकटी जायचं नाही. जूनपर्यंत एसटी आली नाही तर शाळा संपली... मग स्थळं बघायची. माझं अख्खं नशीब त्या दोन माडांना अडकलं होतं, आणि माड आमच्याच घरचे. बोलणार कोणाकडे?

सभेला मी काकूबरोबर बायकांत बसले होते. तात्यांची माणसं एका बाजूला, काकांची दुसऱ्या. नुसती खडाजंगी! काका हाताची घडी घालून एकच सांगत होते, माड हलणार नाहीत. शेवटी तात्यांनी हात टेकले आणि सभा संपली म्हणाले. माझे डोळे भरून आले.

सभा संपली की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्या गावासाठी मागणं मागायचं, हा आमचा रिवाज. त्याचा मान दाजी गावकरांचा. दाजी म्हातारे, वाळके, पण आवाज खणखणीत... ते पुढे झाले तसे सगळे हात जोडून उभे राहिले, भांडणारेसुद्धा.

"बा देवा रवळनाथा, ही तुझी लेकरां आज हयसर जमली, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

मग दर्यावर गेलेल्यांसाठी, मुंबईला गेलेल्यांसाठी... प्रत्येक मागणीला व्हय म्हाराजा. आमच्याकडे हे म्हणताना कोणी विचार करत नाही, ते आपोआप तोंडातून येतं. आणि सगळ्यांत मोठा आवाज नेहमी बापूकाकांचा!

दाजींनी मध्ये श्वासही घेतला नाही.

"गावात एसटी येवंदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"वळणावरचे दोन माड आपल्या हातान काढूची बुद्धी आमच्या बापूक दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

काकांचा आवाज सगळ्यांच्या वर! म्हणून झालं, आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते.

तात्यांची माणसं हसू दाबत होती. काकांचा चेहरा लालबुंद... आता हे दाजींवर धावून जाणार, या भीतीने मी काकूचा हात घट्ट धरला. पण काका देवाकडे वळले.

"देवाफुडे व्हय म्हटलंय," ते हळूच म्हणाले. "आता नाय कसा म्हणू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून माड तोडून घेतले. आधी दोन्ही बुंध्यांना हात लावून नमस्कार केला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मला माझा आनंद दाखवायची लाज वाटली.

पण एसटी आली हो! शाळा सुरू व्हायच्या आधीच आली, गळ्यात हार घालून, लाल धुरळा उडवत. मी तर तिच्या मागून थेट देवळापर्यंत धावले.

शाळेच्या पहिल्या दिवशी मला बसवून द्यायला काका आले होते. कंडक्टरने विचारलं, परत येताना मुलीला कुठे उतरवायचं, या स्टॉपचं नाव काय? नाव अजून कोणी ठरवलंच नव्हतं. काकांनी त्या मोकळ्या वळणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन माड."

आजही कंडक्टर तिथे तीच हाक देतो. नवीन माणूस खिडकीतून माड शोधत बसतो... त्याच स्टॉपवरून जाऊन-येऊन मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले.

गावातले लोक अजून सांगतात, दाजींनी बापूला बरोबर पकडलं. मला नाही तसं वाटत. चुकून तोंडातून गेलं, असं म्हणायला काकांना कोण अडवणार होतं? ते तसं म्हणाले नाहीत, म्हणून मी शिकले.