गाळलेले रंग

बुधवारच्या बाजारातून आणलेली मेथीची जुडी सोडली की तिचा ओलसर, कडसर वास घरभर पसरतो आणि मला माझी आंधळी आत्या आठवते. नुकती पावलं टाकू लागली होती, तेव्हाच देवीच्या साथीत तिचे डोळे गेले. भावंडं धडे घोकत ते ऐकून ती शिकली आणि पुढे लहान मुलांसाठी कविता रचू लागली. नव्वदच्या दशकात ती आमच्याकडे, पंचवटीत राहायची. तिचा सौदा ठरलेला असे: तिनं भाजी निवडायची, आपण तिला वाचून दाखवायचं. फुकटचं वाचन तिला चालत नसे, इतकी मानी.

या वाचनाला आईचा एक नियम होता. रंग आले की गाळायचे. "जे तिनं कधी पाहिलंच नाही, ते सांगून कशाला जीव दुखवायचा?" आई म्हणायची. आम्ही तो नियम इमानेइतबारे पाळला. हिरवंगार रान नुसतं रान व्हायचं, आणि आम्ही वर आपल्या चांगुलपणावर खूशही असायचो.

मग एका संपादकांकडून तिच्या कविता परत आल्या. गोड आहेत, पण रंग एकही नाही, मुलांना रंग हवेत, असा निरोप होता. त्याच संध्याकाळी एक बालगीत वाचताना मी सवयीनं दोन शब्द गाळले आणि तिची बोटं मेथीवरच थांबली.

"ओळ लंगडली. काय गाळलंस?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

"मला वाटायचं," ती हळूच म्हणाली, "डोळस माणसंही रंगांबद्दल फारसं बोलत नसतील."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिला दिसत नव्हतं, तरी शरमेनं माझी मान वर होईना. आता सांगते ना सगळे रंग, घाल तुझ्या कवितांत, असं मी म्हटलं, तर "उसने वाटतील गं," एवढंच म्हणाली.

काही वर्षांनी त्या कविता तशाच छापल्या गेल्या. प्रकाशनाला पाहुणे भरभरून बोलले: रंगांना मुद्दाम दूर ठेवून केवळ नाद आणि गंधावर कविता उभी करायची, हे केवढं धाडस! टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई खाली मान घालून बसली होती. मी आत्याच्या शेजारी, व्यासपीठावर. खरं काय ते सांगायला उठू लागले, तोच तिनं माझा हात घट्ट धरला.

"बस खाली," ती कुजबुजली. "तुझी आई समोर असेल."

आता दोघीही नाहीत. मुलं ते पुस्तक अजून मागून वाचतात. कुणी त्या धाडसाचं कौतुक केलं, की मी आजही खाली मान घालून ऐकून घेते.