दहिवरातला हुलगा

अक्काचा फोन आला. "दाजी गाडीवरून पडलेत, पाय प्लास्टरात. हुलगा रानात वाळून चाललाय. चारा सरला, गाय बाजाराला काढावी म्हणतेत." मी सुरतेत कापडाच्या कारखान्यात असतो. आठवड्याची रजा टाकली अन् ट्रॅव्हल्समध्ये बसलो.

सकाळी शहरात क्रांती चौकात उतरलो, पोहे-चहा उरकून पाचोडची एसटी धरली. तिथून पुढं गावाकडं काळीपिवळी जीप मिळते, पण भरल्याबिगर हलत नाही. हातात वेळ ठेवूनच निघा. पोचेस्तवर दुपार झाली.

दाजी शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, शेती अक्काच बघते. रान मुरमाड. पावसानं पाठ फिरवली तरी तिथं हुलगा येतो. दाणा माणसाला, भुसकट जनावराला. मी पिशवी ठेवली अन् थेट उपटायलाच लागलो. शेंगा तडातड फुटल्या, दाणे मातीत.

शेजारचे गफूरचाचा बांधावरून ओरडले, "अरे सुरतवाले! काढणी करतो का पेरणी?"

"चाचा, रजा थोडी हाय."

"रजा तुझी. हुलग्याला काय त्याचं? सकाळी दहिवरात ये. दवानं शेंग नरम असती, फुटत नाय."

झुंजुमुंजू गेलो तर चाचा, त्यांची सून अन् अक्का आधीच ओळीला लागलेले. बोलावलं कुणीच नव्हतं. बाह्या ओल्या, बोटं गारठलेली; ऊन चढलं की काम बंद. दोन सकाळीत रान मोकळं झालं. खळ्यावर वाळवून चाचांच्याच बैलांनी मळणी केली. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "बैलांना दोन पाट्या भुसकट, मला शेंगोळे." अक्कानं हुलगे दळून आणले, पिठाच्या वळकट्या लसणाच्या रश्श्यात शिजवल्या. असलं जेवण कुठल्या हॉटेलात नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापारी दारात. दाजींनी खाटेवरून भुसकटाच्या ढिगाकडं बघितलं. गाय त्यात तोंड खुपसून उभी.

"उन्हाळा निघंल का गं?"

"निघंल," अक्का म्हणाली.

दाजी व्यापाऱ्याला म्हणाले, "चहा घ्या पाव्हणं. गाय नाय द्यायची."

सुरतेत खोलीतल्या ओडिशाच्या जोडीदारानं अक्कानं दिलेली हुलग्याची पिशवी उघडली अन् हसला, "अरे, ये तो कोलथ!" त्यानं त्याच्या गावची डाळ केली. जेवताना अक्काचा फोन.

"चाचांचे लई उपकार झाले, सांग त्यांना," मी म्हणालो.

"तूच सांग येऊन. पुढच्या साली दुपारचा येऊ नको म्हणलेत."

फोनात मागं गाय हंबरली. पुढच्या रजेचं मी मुकादमाच्या कानावर आत्ताच घालून ठेवलंय.