उरलेलं ब्रेक ऑइल

अण्णांच्या बसमध्ये उभी असलेली माणसं वरची दांडी धरायला विसरायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र घेऊन लोक मधल्या वाटेत निवांत उभे असायचे, आणि बस थांबली हे त्यांना दार उघडल्याच्या आवाजावरून कळायचं. कंडक्टर थट्टेने म्हणायचा, "अण्णा, तुम्ही ब्रेक मारत नाही, गाडीची समजूत काढता." अण्णा नुसते हसायचे. पण घरी आल्यावर तेच वाक्य, आत्ताच आठवल्यासारखं करून, बायकोला सांगायचे. तिने ते किती वेळा ऐकलं होतं याचा हिशोब तिने कधी ठेवला नाही.

अशा माणसाच्या घरात खारू जन्माला आली. लहानपणी ती खारीसारखी एका जागी टिकायची नाही, म्हणून हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. मोठी झाल्यावर ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला लागली. दिवसभर भिंगाखाली मान घालून केसाएवढ्या फटी बुजवायची, आणि सुट्टी मिळाली की जुनी, निळी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार शर्यतीच्या ट्रॅकवर घेऊन जायची. शर्यतीसाठी नव्हे. ठरलेल्या दिवशी तो ट्रॅक सगळ्यांना खुला असतो. आपापली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि रस्त्यावर जे करणं बरं नाही ते तिथे करायचं. त्यातली मोठी गंमत म्हणजे ब्रेक जमेल तितका उशिरा दाबायचा. सरळ पट्टा संपत येतो, वळण अंगावर येतं, तरी खारूचा पाय हलत नसे. मग अगदी शेवटी ती पेडलवर सगळा जीव टाकायची.

"माझ्या गाडीत लोक दांडी धरायला विसरायचे," अण्णा म्हणायचे, "आणि माझी पोरगी ब्रेक दाबायला विसरते."

तरी त्या गाडीचे ब्रेक तयार करायचं काम दोघांचं होतं. ब्रेकच्या नळ्यांत जे पिवळसर पाणी असतं त्याला अण्णा ब्रेक ऑइल म्हणायचे. ते तेल नाहीच मुळी, असं खारू प्रत्येक वेळी सांगायची आणि अण्णा प्रत्येक वेळी पुन्हा ऑइलच म्हणायचे. त्याची खोड अशी, की ते हवेतला ओलावा पिऊन घेतं. ओलावा शिरला की लवकर उकळतं. रोजच्या रस्त्यावर त्याने सहसा काही बिघडत नाही. पण ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की ते आतल्या आत उकळायला लागतं, त्याचे बुडबुडे होतात, आणि मग पाय कितीही जोरात दाबा, चाकं धरण्याऐवजी नुसते बुडबुडेच दाबले जातात. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी जुनं काढून नवं भरायचं.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. तिथे गाडी ठोकळ्यांवर चढवून खारू चाकापाशी आडवी व्हायची आणि अण्णा आत सीटवर बसायचे. ती म्हणायची, "दाबा." ते पेडल दाबून म्हणायचे, "दाबलं." ती चाकामागचा छोटा बोल्ट सैल करायची, जुनं ऑइल पारदर्शक नळीतून काचेच्या बरणीत यायचं, आणि अण्णांचा पाय हळूहळू खाली जायचा. ती बोल्ट घट्ट करायची. "सोडा." "सोडलं." बोल्ट बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा आत जाते, म्हणून ती सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. मधून मधून उठून बॉनेटखालच्या छोट्या टाकीत नवं ऑइल ओतायचं, तेही काम अण्णांचं. चारही चाकं होईपर्यंत दुसरं काही बोलणं व्हायचं नाही. पण आई म्हणायची, बापलेक सगळ्यात जास्त बोलतात ते शेडमध्येच.

मागच्या खेपेला अण्णांनी टाकीत ओतलं ते फळीवरच्या अर्ध्या बाटलीतलं. आदल्या वर्षीचं उरलेलं.

अण्णांच्या घरात अर्धवट काही फेकलं जायचं नाही. साबणाच्या चपट्या नव्या वडीला चिकटायच्या, सुतळीचे तुकडे गाठी मारून गुंडाळले जायचे. शिवाय अण्णांचा सगळा जन्म हवेच्या ब्रेकवर गेलेला. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तिथे हवा हीच कामाची. सकाळी गाडी काढण्याआधी हवेच्या टाकीत साठलेलं पाणी खालचा खटका ओढून काढून टाकायचं, हे मात्र ते कधी चुकले नव्हते. पण बाटलीचं झाकण लावलेलं होतं. झाकण लावलेल्या बाटलीत पाणी कुठून येणार?

आलं होतं. पावसाळाभर त्या सैल झाकणातून आलं होतं. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला सरळ पट्टा संपताना खारूने पाय टाकला आणि पेडल थेट तळाला गेलं. गाडी वळण सोडून खडीत घुसली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. अण्णा कुंपणापाशी उभे होते. धुरळा बसून तिचं हेल्मेट दिसेपर्यंत त्यांना आपले हात कुठे आहेत हेही कळलं नाही. कोणाला काही लागलं नव्हतं. गाडीला एक ओरखडा.

घरी आल्यावर खारूने त्या कामासाठी आणलेला नवा डबा हातात घेतला. "हा सीलबंद कसा?"

"ते अर्धं होतं ना फळीवर," अण्णा म्हणाले. "चांगलं होतं. वाया कशाला घालवायचं?"

तिने डबा फळीवर ठेवला. मग आवाज न चढवता म्हणाली, "यापुढे माझ्या गाडीला हात लावू नका."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढलेला आवाज उतरतो, असं अण्णांना वाटत राहिलं.

मग घरात अबोला सुरू झाला. भांडण नव्हतं, धुसफूस नव्हती. नुसतं "आई, अण्णांना सांग, डॉक्टरचा फोन आला होता" आणि "अगं, तिला विचार, दिवा बंद करू का." दोघंही त्याच टेबलाशी बसलेले.

"मी काय टपालखातं आहे का?" आई म्हणाली. "ती बघा, समोर बसलीये. दिवा तिच्या डोक्यावर आहे. विचारा की!"

अण्णांनी उठून दिवा बंद केला. अंधारात तिघंही क्षणभर बसून राहिली, आणि मग आईनेच तो पुन्हा लावला.

अण्णा शेडमध्ये जायचे थांबले. सकाळी खुर्ची बाहेर काढून बसायचे आणि बसत असताना उजवा पाय नकळत पुढे सरकायचा, टाच टेकलेली, चवडा वर. लेक ट्रॅकवर जाणं सोडेल की नाही, याची त्यांना चिंता नव्हती. सोडणार नाही हे ते जाणून होते. त्यांना एवढंच कळत नव्हतं, की ती आपला पाय पुन्हा त्या पेडलवर ठेवू देईल का. बसची नोकरी संपली तेव्हाही त्यांना इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

पुढच्या ट्रॅकच्या आदल्या दिवशी खारूने आईला सीटवर बसवलं.

"मी दाब म्हटलं की दाब. सोड म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही."

"एवढं तर कळतं मला," आई म्हणाली.

अण्णा बाहेर खुर्चीत, कान शेडकडे. दाब. दाबलं. सोड. सोडलं. एक चाक झालं. दुसऱ्याला आईने मध्येच विचारलं, "अगं, गॅस बंद केलाय ना मी?" आणि बघायला म्हणून उठली. बोल्ट उघडाच होता, नळीचं टोक बरणीतून वर आलेलं. हवा सरळ आत.

"आई!"

"मला वाटलं झालं." आई गाडीतून उतरली, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन खुर्चीपाशी उभी राहिली. "माझ्याने नाही होत. अहो, जा तुम्ही."

"तिने सांगितलंय, हात लावू नका."

"मग पाय लावा," आई म्हणाली आणि घरात निघून गेली. गॅस बंदच होता.

अण्णा शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. खारू जमिनीवरच होती. तिने वर बघितलं नाही, पण सीटच्या बाजूचं दार हाताने जरा आणखी उघडलं. ते आत बसले. चप्पल काढून बाहेर ठेवली. पाय पेडलवर टेकवला आणि थांबले.

तिने पाना बोल्टला लावला.

"दाबा," ती म्हणाली.

"दाबलं," अण्णा म्हणाले. मग, तिला ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा म्हणाले, "दाबलं."

नळीतून आधी बुडबुडे आले, मग गढूळ ऑइल. टाकीत ओतायची वेळ आली तेव्हा अण्णा आपणहून उठले नाहीत. खारूनेच नवा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी सील तिच्या डोळ्यांदेखत फोडलं, टाकी भरली, झाकण आवळलं, आणि पुन्हा एकदा आवळलं. मग नळीतून स्वच्छ पिवळं येऊ लागलं.

चारही चाकं झाल्यावर ती हात पुसत खिडकीशी आली. "पेडल कसं वाटतंय?"

अण्णांनी दाबलं. दगडासारखं घट्ट होतं. तरी खडीतला तो धुरळा डोळ्यांसमोरून हलेना.

"मऊ वाटतंय," ते म्हणाले.

 खारू पुन्हा सगळ्यात लांबच्या चाकापाशी जाऊन आडवी झाली. चारही चाकं पुन्हा केली. नळीत एकही बुडबुडा आला नाही. दोघांनीही ते पाहिलं.

"आता?"

"आता ठीक."

"आधीही ठीकच होतं, अण्णा."

"माहितीये," ते म्हणाले.

डब्यात निम्म्याहून जास्त ऑइल उरलं होतं. अण्णा तो उचलून कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले आणि जुन्या ऑइलच्या पिंपात ओतून आले. ओतताना जिवावर आलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी डबा उलटा धरून ठेवला, इतका, की गॅरेजवाला म्हणाला, "अण्णा, झालं की. आता काय पिळून काढताय?" परत येताना फळीवरची जुनी बाटलीही आठवली. पुन्हा एक चक्कर झाली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर अण्णा कुंपणाशी न जाता गाड्या थांबतात तिथेच उभे राहिले. हातात लाकडी ठोकळा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, म्हणून गाडी आली की चाकाखाली ठोकळा सारायचा. हे मात्र बसमुळे त्यांच्या हातात बसलेलं. प्रत्येक फेरीला ते पट्ट्याच्या टोकाकडे कान लावायचे. इंजिनाचा चढलेला आवाज खाली यायचा, टायर कुरकुरायचे, आणि आवाज वळणापलीकडे जायचा. मग त्यांच्या पायाची बोटं बुटात सैल व्हायची.

दुपारी खारू गाडीत बसूनच म्हणाली, "हेल्मेट घाला. एक फेरी, हळू."

"तुझं हळू मला माहितीये."

पण बसले. सीटचा पट्टा आवळला. सरळ रस्ता सुरू झाला, दोन्ही बाजूंचं गवत मागे धावू लागलं. त्यांचा उजवा पाय पुढे सरकला. तिथे पेडल नव्हतं, नुसती रबरी चटई होती. वळण अजून खूप लांब होतं.

"दाब," अण्णा म्हणाले.

"अजून नाही."

"दाब गं!"

"अण्णा, अजून नाही."

त्यांनी तोंड मिटलं. पाय चटईवर होता तसाच ठेवला, दाबला नाही. वळण आलं.

"दाबलं," खारू म्हणाली.