सगळं नवरीच्याच हातचं

सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत वच्छलाकाकूंचं घर विचारलं तर शेंबडं पोरही बोट धरून नेऊन सोडेल. पण त्या करतात काय, असं विचारलं तर मोठी माणसंसुद्धा जरा इकडेतिकडे बघतात. कारण वच्छलाकाकू रुखवत करून देतात, आणि रुखवत हे कोणी करून द्यायचं नसतंच मुळी. ते नवरीनं केलेलं असतं. मांडवात टेबलावर ते मांडलं की वराकडच्या बायका डोळे बारीक करून बघतात आणि विचारतात, "पोरीनंच केलं का वो सारं?" नवरीची आई पदर सावरत सांगते, "तिच्याच हातचं हाये." विचारणारीला खरं ठाऊक असतं, सांगणारीला तर असतंच. दोन्ही घरच्यांनी इतक्या एकदिलानं सांभाळलेली दुसरी गोष्ट लग्नात शोधूनही सापडायची नाही.

काकू रामाकोन्याहून या घरात आल्या तेव्हा पुंडलिकराव जिनिंगमध्ये कामाला होते. तिथून येताना ते कपाशीच्या बोंडांची वाळकी टरफलं खिशात घालून आणायचे, बायकोला काहीतरी करायला हवं म्हणून. त्या टरफलांतून काकूंनी नणंदेच्या लग्नासाठी एक दमणी केली. छत असलेली छोटी बैलगाडी, आत पदर घेतलेली नवरी, पुढे दोन बैल, आणि बैलांच्या गळ्यात मोहरीएवढ्या मण्यांची माळ. ती दमणी बघायला मांडवात झुंबड उडाली. मग शेजारणीची पोर, मग तिची मामेबहीण, असं करता करता काकूंना उसंत राहिली नाही. संत्र्याच्या वाळलेल्या सालीची फुलं, सुपारीचे वाजंत्री, चिंध्यांचे मोर. सगळं जुन्या चादरीत झाकून ऑटोत घालायचं आणि मागच्या दारानं पोचवायचं.

वर लग्नाचं आमंत्रणही असायचंच. काकू नवी साडी नेसून जायच्या, स्वतःच केलेल्या मोरापुढे उभ्या राहायच्या आणि चारचौघींत मोठ्यानं म्हणायच्या, "काय हात हाये वो पोरीचा!" पुंडलिकराव घरी आल्यावर चिडवायचे, "सोताचीच तारीफ करून, वरून बुंदी खाऊन आली." काकू हसायच्या. पण साडीची घडी घालताना कधी कधी त्यांचं मन खट्टू व्हायचं. इतक्या पोरी सासरी गेल्या, प्रत्येकीबरोबर काकूंच्या हातचं काहीतरी गेलं, आणि मागे त्यांचं म्हणून काहीच उरलं नाही. याचं त्यांना वाईट वाटायचं. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं, म्हणून त्या बोलायच्या नाहीत.

मग काकूंच्या मुलाचं, रोशनचं लग्न झालं आणि तृप्ती सून म्हणून आली. तिच्या माहेरी लग्नं साधी, नोंदणीची. त्यामुळे रुखवताचं हे गुपित तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिनं सासूचं काम बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आई, हे झाकून कायले ठेवता? दुनियेले दिसू द्या न!" तिनं फेसबुकवर पेज काढलं. सुरुवातीच्या पोस्टी मात्र अगदीच सुमार होत्या. गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, खाली पाच रंगांत 'आमच्या येथे सर्व प्रकारचे रुखवत मिळेल', आणि एका फोटोत इतक्या वस्तू कोंबलेल्या की मोर कुठला नि कळस कुठला ते कळू नये. घरच्या माणसांनी अंगठे दिले. बाहेरच्या कोणी ढुंकून पाहिलं नाही.

तृप्ती हिरमुसली, पण पोर डोक्यानं तल्लख. आपण स्वतः फोन बघताना कुठल्या फोटोवर थांबतो, हे ती ध्यानात ठेवायला लागली. मग फुलं आणि सुविचार गेले. एका फोटोत एकच वस्तू, तीही सकाळच्या उन्हात ओट्यावर ठेवलेली. शेजारी काकूंचा हात, म्हणजे वस्तू केवढी ते कळावं. सौंसर हे नाव पहिल्याच ओळीत. खाली दोनच वाक्यं, शेजारणीला सांगावीत तशी: हा मोर कशाचा, याला किती वेळ लागला. भाव लपवायचा नाही. कोणी काही विचारलं तर त्याला ताटकळत ठेवायचं नाही, मग पोळी तव्यावर का असेना. नागपूरहून फोन आला, छिंदवाड्याहून आला. एका बाईनं नुसता काकूंचा हात बघून लिहिलं, 'माझ्या आईचा हात असाच होता.' काकूंनी ते तृप्तीकडून पुन्हा वाचून घेतलं.

अशात मोहगावच्या धनश्रीच्या रुखवताचं काम आलं. पोरगी दवाखान्यात नर्स. दिवसभर पेशंट, सुट्टीच्या दिवशी झोप. ती कुठून बोंडं चिकटवणार? काकूंनी तिच्यासाठी दमणी केली, आजवरची सगळ्यात देखणी. तृप्तीनं फोटो काढला आणि म्हणाली, "आई, ज्याच्यासाठी केलं त्याचं नाव असलं का लोकाइले भरोसा वाटते. टाकू?" काकू बैलाचं शिंग बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टाक, माय. पोरीचंही नाव होते."

काकूंना वाटलं होतं, पेज म्हणजे दुकानावरची पाटी. ज्याला रुखवत हवं तोच येऊन वाचेल. पांढुर्ण्यात, धनश्रीच्या होणाऱ्या सासरी, खाटेवर लोळत असलेली बाईसुद्धा ती वाचू शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. 'मोहगावच्या धनश्रीताईंच्या लग्नासाठी खास आमच्याकडे तयार झालेलं रुखवत.' पोस्ट झकास चालली. इतकी चालली की धनश्रीच्या होणाऱ्या चुलतसासूनं ती उचलून सासरच्या ग्रुपवर टाकली, वर लिहिलं, 'बघा, नवरीच्या हातचं,' आणि पुढे हसणाऱ्या तोंडांची रांग लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धनश्रीचा फोन आला. रडू आवरत नव्हतं. "काकू, हे काय करून ठेवलं वो तुम्ही? मी सासूबाईले सोता सांगितलं होतं, का मीच करून राहिली म्हणून. परवा लग्न. आता त्या घरात पहिलं पाऊल टाकीन तं खोटारडी म्हणूनच टाकीन न!"

तृप्तीनं पोस्ट काढून टाकली, पण गेलेली गोष्ट गेली होती. "चूक माझी हाये, आई," ती म्हणाली. काकू म्हणाल्या, "'टाक' म्हणणारी मीच न? चाल, मोहगावले जाऊ. फोनवर माफी मागाची नसते." पिशवीत थोडी टरफलं, डिंक आणि रंग घेऊन दोघी बसमध्ये बसल्या.

मोहगावात मांडव घातला होता. धनश्रीच्या आईनं पाणी दिलं, पण 'बसा' काही म्हटलं नाही. काकू उभ्यानंच म्हणाल्या, "चुकलं, बाई. पोरीचं भलं कराले गेली अन् तिलेच उघडं पाडलं."

"मंग आता निस्तरा," आई फणकारली. "टाका दुसरी पोस्ट, का थे दुसऱ्याच धनश्रीचं होतं म्हणून."

तृप्तीनं काकूंकडे पाहिलं. लिहिणं काही अवघड नव्हतं, आणि लोकांनी ते मानूनही घेतलं असतं. पण भिंतीला टेकून बसलेली धनश्री डोळे पुसत म्हणाली, "नको. एकाच खोट्यानं इतकं रडवलं, दुसरं कायले? काकू, मले काही येते का यातलं? पाहू द्या."

काकू तिच्याजवळ खाली बसल्या. पिशवीतलं टरफल काढून तिच्या हातात दिलं. "एक बैल कर. येईन तसा कर." पोरीनं रोज पेशंटच्या हातावर शिरा शोधल्या होत्या, हात स्थिर होता, पण बैल काही तिचं ऐकेना. एक पाय आखूड, कान शिंगापेक्षा मोठे, तोंड बकरीसारखं. तो उभा राहिला आणि धनश्री रडता रडता फिस्सकन हसली. काकूंनी आधीच पोचवलेल्या दमणीचा आपला एक बैल सोडवला आणि त्याच्या जागी हा जुंपला. गाडी थोडी कलली, पण उभी राहिली.

"व्हिडिओ काढू का?" तृप्तीनं विचारलं. "आता विचारल्याशिवाय काढत नाही, बापा." धनश्रीनं मान हलवली. पोलक्याला डिंक लागलेला, डोळे सुजलेले, तशीच ती बोलली: "हे रुखवत सौंसरच्या वच्छलाकाकूनं केलं. मी केलं असं सासरी सांगितलं होतं, थे खोटं होतं. हा वाकडा बैल मात्र माझ्या हातचा हाये." बस, एवढंच. तृप्तीनं त्यावर एक शब्दही न वाढवता तो पेजवर टाकला.

मग वाट बघणं आलं. धनश्री फोन उलटा ठेवून बसली होती. तिच्या आईनं न विचारता चहा आणून ठेवला, तोही तसाच निवला. काकू मनातल्या मनात देवाला एकच सांगत होत्या, की पोरीचं घर आधी उभं राहू दे, मग माझा धंदा बुडला तरी चालेल.

तृप्तीचा फोन वाजला. तिनं बघितलं आणि मोठ्यानं वाचलं. "सरला. पांढुर्णा."

"सासूबाई," धनश्री पुटपुटली.

तृप्ती वाचू लागली: "'माझं माहेर रामाकोना. माझंही रुखवत वच्छलाबाईंनीच केलं होतं. माझ्या सासूबाई देवाघरी गेल्या, पण मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू आधीच सांगितलंस. बैल घेऊन ये, पोरी. तो मी समोरच्या खोलीत ठेवीन.'"

धनश्रीच्या आईनं तोंडावर पदर घेतला. धनश्री काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत राहिली, आणि काकू तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. फोन पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. 'माझंही. छिंदवाडा.' 'माझंही काकूंनीच केलं होतं, तो मोर अजून कपाटावर आहे.' 'माझं पण. नवऱ्याला आत्ता सांगितलं, हसून राहिला.' 'माझंही.' कुठल्या कुठल्या गावांतून पोरी लिहीत होत्या. कोणाच्या स्वतःच्या पोरी आता लग्नाला आल्या होत्या. तृप्ती वाचत गेली.

काकू ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"आई, यांना उत्तर द्या लागते न," तृप्ती म्हणाली. "काय लिहू? धन्यवाद लिहू?"

"धन्यवाद कायले?" काकू म्हणाल्या. "एकेकीचं नाव घे. अन् लिही, सुखी हायेस न, माय?"